पाच पौंडांच्या आत

ग्रिम्सबीच्या आमच्या वृद्धाश्रमात डिसेंबर लागला की
स्टाफरूममध्ये बिस्किटांचा रिकामा डबा फिरतो.
आत चिठ्ठ्या.
ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची,
पाच पौंडांच्या आत.

मागच्या वर्षी मी अबेनाला व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती दिली.
यंदा तीच मेणबत्ती, बुडाच्या किमतीच्या चिकटपट्टीसकट,
कुणाकुणाकडून होत माझ्याकडे परत आली.
मला राग नाही आला.
आमच्याकडे ब्लाउजपीस असाच फिरतो,
चार हळदीकुंकवं, दोन बारशी, एक डोहाळजेवण,
आणि शिवत कुणीच नाही.

यंदा डब्यात म्हाताऱ्यांचीही नावं होती.
मला निघाली चौदा नंबरची मिसेस थर्लबी.
'काय हवं?' या कार्डावर तिनं लिहिलं होतं : मोजे.
सगळ्यांनीच मोजे लिहिले होते.
मोजे म्हणजे 'कशाला उगाच' याचं इथलं भाषांतर.

पण माझी पाळी रात्रीची,
आणि रात्री तीनला माणसं मोजे मागत नाहीत.
विल्फला मीठ हवं असतं, डॉक्टरांनी बंद केलेलं,
उकडलेल्या अंड्यावर, डोळ्यांना दिसेल इतकं.
डोरीनला कुणीतरी माहेरच्या आडनावानं हाक मारायला हवी असते.
मिसेस थर्लबी म्हणाली,
"इथं सगळी माझ्याशी गोड बोलतात.
चार वर्षं झाली, भांडलं नाही कुणी.
आणि बटाटे.
नाताळचे बटाटे मी सोलायचे, अकरा माणसांचे.
इथं ते सोललेलेच येतात, पिशवीतून."

फ्रीमन स्ट्रीटवर दोन किलो बटाटे, एक पौंड दहा.
एक सोलणं, दीड पौंड.
उरले दोन चाळीस.

घरी ओजसला नव्वद पौंडांचे बूट हवे होते.
चाळीसचे दाखवले तर म्हणाला, "चालतील."
अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडात हा शब्द
मी घातला नव्हता.

मॅनेजरनं धोक्याचा फॉर्म भरून घेतला.
धार किती? देखरेख कोणाची?
मी लिहिलं, माझी.

चोवीस तारखेच्या दुपारी
जेवणघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.
तिच्या हातून एरवी चमचाही सांडतो.
बटाटा हातात आला आणि थरथर थांबली, असं काही झालं नाही.
थरथर होतीच.
पण साल एका लांब पट्टीत सुटत गेली,
थरथरत, न तुटता.

मी शेजारी बसले, सुरी घेऊन.
तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.
"हे काय सोलणं झालं? अर्धा बटाटा सालीबरोबर टाकतेस!
तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही?"

स्वयंपाकघरातला पोरगा हातातली ताटली धरून थांबला.

"शिकवलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."
"दिसतंय. दे इकडे."

आईला जाऊन सहा वर्षं झाली.
तेव्हापासून समजावलं मला पुष्कळांनी,
ईमेल केले, ट्रेनिंगला पाठवलं.
हक्कानं कुणी खेकसलं नव्हतं.

मग मीही भांडले.
म्हटलं, आमच्याकडे साल जाडच काढतात, म्हशीला घालायची असते.
आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती.
तिला पटलंही नाही.
तरी अठरा बटाटे संपेपर्यंत
आम्ही दोघी हटलो नाही.

विल्फच्या अंड्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आले तेव्हा चारलाच काळोख पडला होता.
कोटाच्या खिशात दोन पौंड चाळीस, पिशवीत मेणबत्ती.
ओजस म्हणाला, "ही पुढच्या वर्षी कुणाला?"
मी बुडाची चिकटपट्टी नखानं खरवडली.
म्हटलं, कुणाला नाही.
हा ब्लाउजपीस आपण शिवून टाकू.
त्याला काही कळलं नाही,
पण काडी त्यानंच ओढली.